वरच्या वॉर्डातलं चाक

१

“खोलीत शिरलीस की लगेच बसायचं नाही. उभं राहायचं आणि कुणाचा हात कुठे जातो ते बघायचं. तोंडाला सगळेच पढवून ठेवतात, हाताला कुणी शिकवत नाही.”

हे सांगणारे साहेब केव्हाच देवाघरी गेले होते. पण इन्स्पेक्टरबाई अजूनही कुठल्या खोलीत गेल्या गेल्या बसत नसत. त्या सकाळीही सरकारी इस्पितळाच्या वरच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खोलीत त्या उभ्याच होत्या. खाटेवर नुसती गादी उरली होती. उशाशी भिंतीतून ऑक्सिजनची नळी बाहेर आली होती. नळीवर पितळेचं लहानसं गोल चाक, आणि त्याच्या वर परक्या लिपीतल्या आकड्यांची तबकडी.

या खाटेवर पहाटे नकोआप्पा गेले.

त्यांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. देश चिमुकला, दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा बसलेला. डोंगरापलीकडच्यांना लोक ‘वरचे’ म्हणत, नदीपलीकडच्यांना ‘खालचे’. वरच्यांनी रेल्वे देऊ केली की खालचे विमानतळ घेऊन हजर. मंत्रिमंडळात आप्पा सगळ्यांत जुने. दोघांपुढेही हात जोडायचे आणि ‘नको’ म्हणायचे. वरच्यांचा लष्करी रस्ता याच ‘नको’वर अडला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर मत पडायचं होतं.

इस्पितळही त्याच तऱ्हेचं. टेकडीवरचा वॉर्ड वरच्यांनी बांधून दिला, पायथ्याचा खालच्यांनी. खाटा ज्याच्या त्याच्या, नळ ज्याचे त्याचे, नर्साही ज्याच्या त्याच्या देशात शिकून आलेल्या. एका वॉर्डातली नर्स दुसऱ्या वॉर्डात पाऊल टाकत नसे. मोठा माणूस आजारी पडला तर कुणी नाक मुरडू नये म्हणून त्याला काही दिवस खाली ठेवायचे, मग काही दिवस वर. आप्पांना आदल्या दिवशीच खालून वर हलवलं होतं.

“बाई, हे वरच्यांचं पाणीसुद्धा वैरी आहे,” कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हवालदार ओरडला. चालू नळाखाली हात धुवायला गेलेला माणूस कोपरापर्यंत भिजला होता. “नळ बंद करायला गेलो तर अंगावरच आला!”

“तुम्हाला सवय नाही ना,” दारातली आया हसून म्हणाली. तिनं येऊन नळ बंद केला.

तेवढ्यात गृहसचिवांचा फोन आला.

“काही लागलं का हाताला? नीट ऐका. वरच्या वॉर्डात गुन्हा घडला तर उद्या दुपारपर्यंतच तपास आपला, मग त्यांचा. करारात तसं कलम आहे. आणि आरोपीही त्यांचा.”

“आरोपी कोण?”

“पहाटपाळीची नर्स. कोठडीत आहे. आप्पांचा ऑक्सिजन कुणीतरी बंद केला होता, हे तिनंच सांगितलं. बाई, डोंगरापलीकडे नेलेला माणूस परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.”

२

नर्स म्हणजे एक पोरगीच होती. रडून डोळे सुजलेले, पण उत्तरं सरळ देत होती.

“मी शेजारच्या खोलीत इंजेक्शन देत होते. आजींची, आप्पांच्या बायकोची, हाक आली. धावत गेले तर आप्पा काळेनिळे पडले होते. पहिला हात चाकावरच गेला माझा. चाक बंद!”

“अर्धवट?”

“पूर्ण. आणि इतकं घट्ट की मला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. उघडलं, पण तोवर...” तिनं ओढणीत तोंड लपवलं.

“तू हे सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं.”

“आई पण मघाशी हेच म्हणाली. गजाआडून शिव्या घातल्या तिनं मला. म्हणाली, गप्प बसली असतीस तर काय जिभेला फोड आले असते?”

“मग का बोललीस?”

“अहो, चाक बंद होतं!” पोरीला प्रश्नच कळला नव्हता.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, “खोटं बोलत नाही वाटतं.”

“नाही. पण ‘घट्ट’ हे मला छळतंय. समजा तुम्हाला कुणाची हवा तोडायची आहे. तुम्ही काय कराल?”

“मी? देवा! बरं, चाक फिरवीन आणि पळेन.”

“बंद झालं की हात काढाल ना? पुढे जोर कशाला लावाल?”

“रागात असेन तर?”

“रागावलेला माणूस उशी दाबतो. चाक पिळत बसत नाही.”

३

संशय घ्यायला माणसं होती. वरच्यांचा उंच इंजिनियर संध्याकाळी यंत्रं तपासून गेला होता. खालच्यांच्या वकिलातीतला गोडबोल्या सचिव फुलं घेऊन आला होता आणि आप्पांजवळ एकटा बसला होता. आणि आप्पांचा पुतण्या. काका गेला तर त्याची खुर्ची आपली, असं तो गल्लीभर सांगत हिंडायचा. रात्रभर तो दारासमोरच्या बाकावर बसून होता म्हणे.

गोडबोल्यानं बाईंना चहा विचारला, खुर्ची पुढे केली. बाई उभ्याच.

“आम्ही आप्पांना का मारू, ताई? ते वरच्यांच्या रस्त्याला नको म्हणत होते. आमच्यासाठी देवमाणूस!”

“तुमच्या विमानतळालाही नकोच म्हणाले होते.”

“ते होय? ते प्रेमानं म्हणाले होते.”

पण तो गेल्यावर आप्पा जेवले होते, नर्सशी थट्टाही केली होती. चाक संध्याकाळी बंद झालं असतं तर पहाट उजाडलीच नसती. इंजिनियरचंही तेच. राहता राहिला पुतण्या.

“मी बाकावरून हललो नाही,” पुतण्या छाती काढून म्हणाला. “माशीसुद्धा आत गेली नाही.”

“आणि काकूंनी हाक मारली तेव्हा?”

“धावलो ना!”

“नर्स म्हणते, तुम्ही तिच्या कितीतरी नंतर आलात, जिना चढून, धापा टाकत.”

पुतण्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. बाईंनी तो पाहिला.

“काय आहे खिशात?”

काहीच नव्हतं, कॅन्टीनची साखरेची पुडी तेवढी होती. पण तेवढ्यानंच त्याचं अवसान गळालं. पहाटे तो खाली कॅन्टीनमध्ये बसला होता, आणि समोर होता वरच्यांचा उंच इंजिनियर. काकांनंतर कोण, रस्त्याचं काय, अशी बोलणी चालली होती. काका वर श्वास मोजत होते आणि पुतण्या खाली चहात साखर ढवळत होता.

“लाज नाही वाटत?” हवालदाराला राहवलं नाही.

“वाटते,” पुतण्या खाली बघत म्हणाला. “पण मी चाकाला हात नाही लावला.”

कॅन्टीनवाल्यानं दोघांनाही ओळखलं. हाक आली तेव्हा दोघं त्याच्यासमोरच बसलेले होते.

“झालं!” हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. “बाक रिकामा, दार उघडं. कुणीही आत गेलं असेल. आता शोधा!”

“आत कुणी होतंच की,” बाई म्हणाल्या. “काकू होत्या.”

४

आप्पांच्या घरी लोक येऊन जाऊन होते. काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून जपमाळ ओढत बसल्या होत्या. पहाटे उठून माळ ओढायची हा त्यांचा नेम. इस्पितळातही कधी चुकला नव्हता.

“तेव्हा जागी होते मी,” त्या म्हणाल्या. “जप चाललेला. यांना दम लागला. आधी थोडा, मग फार.”

“खोलीत कुणी आलं होतं?”

“नाही. परक्या कुणाचा हातसुद्धा लागला नाही यांना. माझ्या डोळ्यांदेखत गेले.”

“डुलकी लागली असेल एखादी?”

“जपात?” काकूंनी अशा नजरेनं पाहिलं की बाईंनी तो प्रश्न मागे घेतला.

“नर्स उशिरा आली का?”

“नाही हो. हाक मारली तशी धावत आली बिचारी. चांगली पोर आहे. यांना आजोबा म्हणायची. तोवर मला जे जे शिकवलं होतं ते ते सगळं केलं मी. काही बाकी ठेवलं नाही.”

बोलता बोलता त्यांनी माळ डाव्या हातात घेतली. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, कातडी सोलवटून लाल झाली होती.

“हाताला काय झालं, काकू?”

काकूंनी तळवा पाहिला, जणू तो आत्ताच भेटला. “कोण जाणे. धरला असेल यांनी जोरात.”

रस्त्यावर आल्यावर बाईंनी आपलाच तळवा उलटसुलट करून पाहिला. आप्पांनी हात धरला असता तर वळ मनगटावर किंवा बोटांवर उठले असते. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी नाही.

“हवालदार, त्यांना कुणी काय शिकवलं होतं?”

“त्या पोरीनं शिकवलं असेल.”

“पोरीकडे ते आदल्या दिवशीच आले. त्याआधी कुठे होते?”

५

खालचा वॉर्ड पायथ्याशी होता. तिथली थोरली सिस्टर म्हणजे पांढऱ्या केसांची, कडक इस्त्रीची बाई.

“नकोआप्पा? अहो, माझ्या हातचं इंजेक्शनही नको म्हणायचे. घ्यायचे मात्र मुकाट्यानं.” तिनं डोळे टिपले. “आजी फार करायच्या त्यांचं. एकदा मी दुसरीकडे होते, आप्पांना दम लागला, तर घाबरल्या बिचाऱ्या. मग मीच त्यांना दाखवून ठेवलं. म्हटलं, मी येईपर्यंत एवढं करत जा.”

“काय दाखवलं?”

“हे काय.”

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा झोपला होता. सिस्टरनं त्याच्या उशाचं पितळी चाक चिमटीत धरलं आणि हलकेच उजवीकडे फिरवलं. चाकाखालच्या काचेच्या बाटलीत पाण्याचे बुडबुडे भराभर वर येऊ लागले. म्हाताऱ्याचा श्वास संथ झाला.

“बुडबुडे वाढले की समजायचं, हवा वाढली. सोपं आहे.”

हवालदार तळव्यानं तोंड झाकून बाईंकडे बघत राहिला. सकाळी भिजलेली त्याची बाही अजून पुरती वाळली नव्हती.

“बाई, तो वरचा नळ...”

“हो.”

“मी बंद करायला उजवीकडे फिरवला होता काय? नाही, थांबा. घरचे नळ सगळे खालच्यांचे. ते उजवीकडे उघडतात, डावीकडे मिटतात. म्हणून मी डावीकडे फिरवला आणि तो भसकन...”

“वरच्यांकडे सगळं उलटं फिरतं,” थोरली सिस्टर म्हणाली. “नळ काय, चाकं काय. असं ऐकलंय. मी कधी गेले नाही तिकडे. आम्हाला कुठे जायचं असतं?”

दोन्ही वॉर्ड ठाऊक असलेली नर्स नव्हती, इंजिनियर नव्हता, डॉक्टरही नव्हता. खालून वर गेलं ते फक्त आजारी माणूस आणि त्याच्याबरोबरचं माणूस.

साहेब थोडे चुकले होते, बाईंच्या मनात आलं. हातालाही शिकवतात. आणि हात तोंडासारखा विसरत नाही.

६

माणसांची ये-जा थांबली होती. काकू त्याच जागी होत्या.

“काकू, एक विचारते. आप्पांना दम लागला की तुम्ही काय करायचात?”

“पाठ चोळायची. आणि हे.” उजवा हात हवेत उठला, बोटांची चिमटी झाली आणि मनगट उजवीकडे वळलं. “थोरल्या सिस्टरनं शिकवलेलं. हळूहळू फिरवायचं. बुडबुडे आले की यांना उतार पडायचा.”

“आज पहाटेही?”

“तर काय! पण त्या मेल्या वॉर्डात बुडबुडेच नाहीत. नुसती सुई. मला काय कळतंय तिच्यातलं? यांना दम आणखी लागला तसं मी आणखी फिरवलं. चाक पुढे जाईना तरी फिरवत होते. शेवटपर्यंत सोडलं नाही मी, बाई.”

बाईंना सांगायला एक सोपी गोष्ट होती: यंत्र बिघडलं. पण यंत्र वरच्यांचं. त्यांनी दहा माणसं आणून ते चालवून दाखवलं असतं, आणि पोरगी डोंगरापलीकडे गेली असती. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीच्या काठावर ही सत्तरीची बाई, सोललेला हात मांडीवर ठेवून.

“तुम्ही बसत का नाही?” काकू म्हणाल्या. “सकाळीही उभ्याच होतात. बसा. सांगायला आलात ते सांगा.”

बाई बसल्या. काकूंचा हात हातात घेतला आणि सांगितलं. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही.

काकूंनी हळूच हात सोडवून घेतला. चिमटी करून एकदा उजवीकडे वळवला. मग डावीकडे. मग मांडीवर ठेवून दिला.

“म्हणजे मीच.”

“तुम्ही त्यांना हवा देत होतात.”

“देत होते,” काकू म्हणाल्या. “त्यांनी माझ्याकडे पाहिलं हो शेवटी. मला वाटलं, आणखी मागतायत.” त्या माळेचा एकेक मणी सरकवत राहिल्या. बाहेर कुणीतरी भांडी आवरत होतं. मग त्यांनी एकदम विचारलं, “आणि ती पोर कुठे आहे?”

“कोठडीत.”

“अजून? मला कुणी सांगितलंही नाही! मग माझ्यापाशी काय बसलात? जा, सोडवा तिला. माझं नाव घालून लिहा. नाव झाकलंत तर पुन्हा तिच्यावरच येईल.”

“लोक बोलतील, काकू.”

“मला आता लोकांचं भय आहे का? ज्याला सांगायचं त्याला रोज पहाटे सांगेन.” त्यांनी माळ कपाळाला लावली. “पण मला एक शब्द द्या. वर, खाली, सगळ्या चाकांवर बाण काढा. कुठे फिरवलं की उघडतं, ते भेदरलेल्या माणसालाही दिसेल असा. माझ्यासारखी दुसरी कुणी बसली असेल आज तिथे.”

“त्यांच्या यंत्रांना हात लावायला बंदी आहे. परवानगी...”

“मागू नका. मागितलीत तर वरचे म्हणतील आमचा रंग लावा, खालचे म्हणतील आमचा. आणि बाण तसाच राहील.”

“शब्द दिला, काकू.”

७

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गृहसचिवांनी सगळ्यांना वरच्या वॉर्डात बोलावलं. खालच्यांचा गोडबोल्या आला, वरच्यांचा उंच इंजिनियर आला. आरोपीला न्यायला आलेली वरच्यांची मोटार खाली उभीच होती.

बाईंनी भाषण केलं नाही. गोडबोल्याला म्हणाल्या, “साहेब, तेवढं ग्लासभर पाणी द्याल?”

“अवश्य, ताई!” त्यानं पेला घेतला, बेसिनपाशी जाऊन नळ उजवीकडे फिरवला. पाणी येईना. आणखी फिरवला. दात आवळून, दोन्ही हातांनी पिळला.

इंजिनियरला हसू आलं. “उलटं, उलटं! तुम्ही तो बंद करताय.”

“कालच्या पहाटे हे सांगायला इथे कुणी नव्हतं,” बाई म्हणाल्या.

हसू तिथेच विरलं. मग त्यांनी आप्पांच्या खाटेपाशी उभं राहून सगळं सांगितलं: घट्ट पिळलेलं चाक, सोललेला तळवा, खालच्या वॉर्डातली शिकवण, नुसती सुई. बंद करणारा माणूस चाक मिटलं की थांबतो, उघडू पाहणारा थांबत नाही. मग काकूंच्या सहीचा जबाब टेबलावर ठेवला.

गोडबोल्यानं पेला खाली ठेवला. “म्हणजे दोष त्यांच्या चाकाचा. आम्ही तेच म्हणत होतो.”

“दोष तुमच्या शिकवणीचा,” इंजिनियर म्हणाला. “आमचं चाक अगदी बरोबर आहे.”

“तुम्ही दोघं खाली जाऊन भांडा,” गृहसचिव म्हणाले. त्या दोघांशी कुणी इतकं सरळ बोललेलं हवालदारानं आजवर ऐकलं नव्हतं. “हा गुन्हा नाही. गुन्हा नाही तर आरोपी नाही. मोटार परत न्या.”

पोरगी कोठडीतून सुटली तेव्हा तिची आई दारात उभी होती. तिनं आधी लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला कवटाळलं.

बाईंनी तेवढं पाहिलं आणि त्या निघाल्या.

“कुठे, बाई?” हवालदारानं विचारलं. “मी येतो.”

“नको. तुमची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.”

कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी रंगाचा लहान डबा आणि बारीक ब्रश मागितला.

“कुठला रंग देऊ?” दुकानदार म्हणाला. “लाल आहे, हिरवा आहे.”

वरच्यांच्या झेंड्यात लाल होता, खालच्यांच्या झेंड्यात हिरवा.

“पिवळा द्या,” बाई म्हणाल्या.

डबा पिशवीत घालून, पदर खोचून, त्या टेकडीवरच्या वॉर्डाच्या पायऱ्या चढू लागल्या.